बिऱ्हाड परमुलखाला निघते तेव्हा



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण माणसाचे बिऱ्हाड काही पाठीवर मावत नाही. त्याला ट्रक लागतो, आणि ट्रक म्हटला की त्याच्याबरोबर एक अनोळखी माणूस आपल्या घरात येतो. या अनोळखी माणसाशी व्यवहार कसा करावा, याबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे. शहाणपणाच्या म्हणून नव्हे बरं का. ठेच लागल्यावर सुचलेल्या म्हणून.

आमचे गाव गंगापूर. वाळूजची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्यात. 1980 च्या दशकात ती उभी राहिली आणि कुठकुठली माणसे पोटासाठी इकडे आली. आता तिथल्याच नोकरीपायी आमची मुले परमुलखाला जातात. माझ्या मुलाची बदली झाली ती थेट उत्तराखंडात, पंतनगरला. दोन लहान मुले, सूनबाई आणि दहा वर्षांचा जमवलेला संसार.

मुलाने फोनवर चौघांकडे चौकशी केली. तिघांनी पंचावन्न हजारांच्या आसपास भाडे सांगितले, चौथ्याने अडतीस. मुलगा म्हणाला, "अण्णा, सतरा हजार वाचतात." मीही मान डोलावली. जन्मभर मास्तरकी केली, पोरांना म्हणत आलो की वाचल्याशिवाय सही करू नका. पण एवढा स्वस्त कसा, हा साधा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. पाच हजार रुपये आगाऊ गेले, तेही फोनवरूनच.

ठरल्या दिवशी ट्रक आला. फोनवरच्या माणसाचे नाव वेगळे, ट्रकवरचे वेगळे. चार पोरांनी दोन तासांत घर बांधले. पुठ्ठ्याची खोकी भरली, चिकटपट्ट्या मारल्या. शेवटी एक कागद पुढे केला. वर नाव छापलेले, खाली सहीची जागा, मधे सगळे कोरे. "सामानाची यादी मागून भरतो, काका," पोरगा म्हणाला. आणि मी सही केली.

त्या सामानात माझ्या आईचे जाते होते. सूनबाईनेच आग्रहाने मागून घेतले होते. म्हणाली, "अण्णा, तिकडं आपल्यासारखी भरडलेली डाळ मिळायची नाही. आजींचं जातं राहू द्या माझ्याजवळ." मी ते स्वतः गोणपाटात बांधून दिले.

तिसऱ्या दिवशी फोन. सामान सांगितल्यापेक्षा जास्त भरले, विम्याचे वेगळे, वाटेतल्या जकातीचे वेगळे. सत्तावीस हजार आणखी पाठवा, नाहीतर माल गोदामात उतरवतो. सामान कुठल्या गोदामात आहे, हेही सांगेनात. तिकडे मुले नव्या घरात फरशीवर चादर टाकून निजत होती. मुलाने पैसे भरले. सामान पोचले एकोणिसाव्या दिवशी, दुसऱ्याच ट्रकमधून. कपाटाचे दार वाकलेले, दोन खोकी नाहीत. आणि जात्याची खालची तळी आली, वरची आली नाही.

तक्रार करायला बसलो, तर हातात काय? एक कोरा कागद, आणि त्यावर माझीच सही.

तेव्हा मला जुन्या दोन गोष्टी आठवल्या. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली झाली आणि 1976 साली त्याचे उद्घाटन झाले. मधल्या काळात गोदाकाठची गावे उठली. माझ्या आत्याचे घर त्यात गेले. बैलगाड्यांवर तुळया, दारे, कणग्या, चूल सुद्धा लादून नेली. कागद एकही झाला नाही. पण गाडीवान शेजारच्या वाड्यातला. त्याचा बाप, त्याचे सोयरे, सगळे माहीत. एक तांब्या हरवला असता तरी त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुसरी गोष्ट लासूर स्टेशनची. दूर बदली झालेला नोकरदार तिथून रेल्वेने सामान पाठवी. तिथे कोणी कोणाचा सोयरा नव्हता. पण पावतीवर नग किती, वजन किती, हे लिहिलेले असे.

म्हणजे बघा, जिथे ओळख होती तिथे कागद लागला नाही, आणि जिथे ओळख नव्हती तिथे कागद होता. आमच्या व्यवहारात ओळखही नव्हती आणि कागदही नव्हता. चूक झाली ती इथे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी 2007 सालचा केंद्रीय कायदा आहे. इंग्रजी अमदानीतला 1865 चा कायदा जाऊन त्याच्या जागी हा 1 मार्च 2011 पासून लागू झाला. यात वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते. माल पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन आणि किंमत लिहून द्यायची, आणि वाहतूकदाराने मालाची पावती, म्हणजे आपल्या बोलीतली बिल्टी, द्यायची. माल हरवला किंवा मोडला, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करीत बसावे लागत नाही. मात्र भरपाईला हद्द आहे. जादा जोखमीचा दर ठरवून दिला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे यादी आणि किंमत कोरी सोडणे किती महागात पडते, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

म्हणून पहिली गोष्ट ही, की भाव फोनवर ठरवू नका. माणसाला घरी बोलवा, सामान दाखवा, आणि बांधणी, चढवणे, उतरवणे, वरच्या मजल्याचा चढ, हे सगळे धरून एकच आकडा लिहून घ्या. आपला ट्रक सरळ जाणार की सामान मधे दुसऱ्या गाडीत बदलणार, हेही विचारा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नगाला क्रमांक घाला. बिल्टीवर नगांची संख्या, यादी, किंमत, ट्रकचा क्रमांक आणि पोचवण्याची तारीख असल्याशिवाय ट्रकचे फाळके लावू देऊ नका. सामान चढण्याआधी तुमच्या शब्दाला वजन असते. चढल्यावर ते त्याच्या शब्दाला येते. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. खोके बंद करण्याआधी त्याचे छायाचित्र काढायला काय लागते?

तिसरी गोष्ट, विम्याचे पैसे घेतले तर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक मागा. वाहतूकदाराच्या पावतीवर "विमा" एवढा शब्द लिहिला म्हणजे विमा झाला असे नव्हे. आणि जकातीच्या नावाने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. महाराष्ट्रात शेवटची जकात मुंबईची, तीही 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही.

चौथी गोष्ट, सामान उतरवून घेताना घाई करू नका. नग मोजा, खोकी उघडा, आणि जे मोडले किंवा आले नाही ते पोच देताना त्याच कागदावर लिहा. दावा लावायचा तर त्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदवल्यापासून 180 दिवसांच्या आत. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. वाहतूकदार कुठल्याही मुलखातला असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आधी नुसता सल्ला हवा असेल तर ग्राहकांसाठी 1915 हा फोन क्रमांक आहे.

तुम्ही म्हणाल, एवढे कागद करायचे म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास दाखवणे झाले. मला तसे वाटत नाही. या धंद्यात प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. आम्हाला पंचावन्न हजार सांगणारे ते तिघे कदाचित त्यांतलेच असतील. प्रामाणिक माणूस यादीला भीत नाही. उलट, नंतर खोटा आळ येऊ नये म्हणून त्यालाही ती हवीच असते.

सूनबाईने ती एकटी तळी अंगणात ठेवली आहे. "अण्णा, वरची कुठं मिळते का बघा," असे ती अजून फोनवर म्हणते. मी पाथरवटाकडे चौकशी केली. तो म्हणाला, "मास्तर, नवी घडवून देईन, पण त्या जुन्या तळीशी तिचा मेळ बसायला दिवस जातील."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळ बिऱ्हाडे हलतात. तुमच्या घरातले कोणी निघणार असेल, तर सामान बांधण्याच्या आदल्या रात्री एक वही घ्या आणि पहिल्या पानावर "नग 1" असे लिहून सुरुवात करा. त्यात जाते असेल, तर दोन्ही तळ्या वेगळ्या लिहा.