पिशवी काढली, पण हाडांचं काय?

(नाचणगाव येथील महिला बैठकीतील भाषण)



हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत. अंगणात पाय घसरतो, आपण हात टेकतो आन् मनगट मोडतं, तेव्हा कळतं.

हाड जिवंत असतं. शरीर रोज थोडं जुनं हाड झिजवतं, थोडं नवं भरतं, जशी आपण मातीची भिंत लिंपतो. झीज जास्त होऊ नये म्हणून लगाम धरून ठेवतं ते इस्ट्रोजेन. हे मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी गेली की ते कमी होतं, आणि पहिली पाच-सात वर्षं हाड भराभर झिजतं.

पाळी आपोआप गेली तर इस्ट्रोजेन हळूहळू उतरतं. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढली, तर एकदम. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे कामाचा खाडा नको, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडे ऊसतोड नाही, पण "लेकरं झाली, आता पिशवी काय कामाची?" हे वाक्य मी आपल्याही गटांत ऐकते.

पिशवी वेगळी, अंडाशय वेगळं. कॅन्सरसारखं कारण असेल तर काढावंच लागतं. पण "सगळंच काढून टाका, कटकट नको" असं आपण होऊन म्हणू नका. सही करण्याआधी विचारा: अंडाशय ठेवता येईल का? शंका वाटली तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या.

ज्यांची अंडाशयं काढली, किंवा पाळी चाळिशीआधीच गेली, त्यांनी डॉक्टरला हाडांच्या तपासणीचं विचारावं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या मिळतात, पण सगळ्यांना चालत नाहीत. शेजारणीच्या पाहून घेऊ नका. दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला खा. कापूस वेचताना आपण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असतो, म्हणून थोडं ऊन हातापायाला लागू द्या. आणि खर्रा सोडा, तंबाखूनं हाडं आणखी झिजतात. (हसू नका, मला माहीत आहे कोणाच्या कमरेला पुडी आहे!)

पिशवी काढलेल्यांनी पुढच्या बैठकीला दवाखान्यातून सुट्टी होताना मिळालेला कागद आणा. अंडाशय काढलं की ठेवलं, ते त्यावर लिहिलेलं असतं. सगळ्यांसमोर नको वाटलं तर बैठक संपल्यावर मला एकटीला दाखवा, आपण दोघी मिळून वाचू.