पहिला कागद

मंडळी, पंखा जरा कमी करा, कागद उडताहेत. आज सगळं बोलणं कागदाबद्दलच आहे.

पत्रिकेत विषय छापलाय 'लष्करातील लैंगिक अत्याचार आणि तपास'. तो वाचून पुढच्या रांगेतले पुलगावचे निवृत्त सुभेदार सावरून बसले. (हशा) सुभेदारसाहेब, तुमच्या पुलगावच्या दारूगोळा डेपोवर रोख नाही, 1950 च्या लष्कर कायद्यावर आहे. कलम 70 म्हणतं, सैनिकाने बाहेरच्या बाईवर बलात्कार केला तर कोर्ट मार्शल नाही, साधं फौजदारी न्यायालय. अपवाद प्रत्यक्ष युद्धसेवेचा, परदेशाचा आणि सीमेवरच्या ठाण्याचा. पण बाईच गणवेशात असली तर? मग कलम 125 खाली वरचा लष्करी अधिकारी ठरवणार, खटला कुठे चालवायचा. तोवर पहिले जबाब लिहिले कुणी? तिची रजा आणि गोपनीय अहवाल ज्यांच्या हातात, त्यांनीच.

चाळीस वर्षं मी एकच सांगतोय: पहिला कागद कोण लिहितो ते बघा.

मथुरा प्रकरण तुम्हाला पाठ आहे, म्हणून पळतो. 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच केलेला बलात्कार. चंद्रपूरला आरोपी सुटले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटले. मथुराच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि वैद्यकीय कागदात जुन्या संबंधांची नोंद होती. 1983 मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम आलं. सशस्त्र दलांचा वेगळा उल्लेख त्यात यायला 2013 उजाडलं.

आता एक गोष्ट, ही आजच्या टिपणात नव्हती. एका खटल्यात तपासणीचा फॉर्म छापील होता. 'सवयीची आहे / नाही', म्हणजे बाईला शरीरसंबंधांची सवय आहे की नाही; यातला एक शब्द डॉक्टरने खोडायचा. 'नाही' खोडलेला होता. मी आरोपीचा वकील. हो, आरोपीचा. (शांतता) त्या एका खोडलेल्या शब्दावर दीड तास उलटतपासणी केली. बाईने मध्ये पाणी मागितलं. माझा प्रश्न संपेपर्यंत कुणी दिलं नाही. अशील सुटला. त्याने आणलेले पेढे मी घरी नेले.

तो फॉर्म कसा चुकीचा, हे मला पुढे आपल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानेच शिकवलं. तिथल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी 2010 मध्ये अशा तपासण्यांच्या दुर्दशेवर अहवाल लिहिला, त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ही 'सवय' ठरवायला वापरली जाणारी दोन बोटांची चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं...

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. (हशा) पेढ्यांनी वेळ खाल्ला.

सुभेदारसाहेब, तुमचा हात मघापासून वर आहे. फौजेत शिस्त असते, हेच म्हणायचं ना? असते, मान्य. म्हणूनच तक्रार वरिष्ठाच्या टेबलावरून जाते, आणि वरिष्ठच आरोपी असला तर टेबलावरच राहते.

ज्यांच्या मुली भरतीची तयारी करताहेत त्यांनी एवढं करा. तिच्या बॅगेत कलम 125 आणि 126 ची झेरॉक्स ठेवा. 126 खाली फौजदारी न्यायालय आरोपीला मागवून घेऊ शकतं. आणि तिला सांगून ठेवा, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, त्यासाठी युनिटची परवानगी लागत नाही.