किल्ली खिशातच राहिली

माझा मुलगा पुण्यात संगणकाच्या कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. गेल्या ईदला तो मेहकरला आला तो लॅपटॉप घेऊनच. शीरखुर्मा निवत होता आणि हा पडद्याकडे बघत बसलेला. म्हणाला, "अब्बा, यंत्र बिघडल्याचं सांगतही नाही. नुसतं गप्प होतं."

कर्नलमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. दोघांनी एकाच वहीत एकदम लिहू नये म्हणून कुलूप असतं. किल्ली ज्याच्याकडे, तो लिहितो, बाकीचे थांबतात. इथे एका थ्रेडने किल्ली घेतली, मध्येच त्याला मेमरी मिळाली नाही. चूक झाल्याचं कळवून तो शहाण्यासारखा बाहेर पडला. किल्ली परत द्यायची राहिली.

मला हसू आलं नाही. १९९८ साली मी एका शाळेत कारकून होतो. बाळापूरहून निरोप आला, खाला वारली. साहेबांना सांगून तसाच एसटीत बसलो. दाखल्यांच्या कपाटाची किल्ली खिशात! दोन दिवस पोरं दारात उभी. एका मुलीचा अकोल्यातला प्रवेश हुकला. ती आजही रस्त्यात भेटली की आदराने बोलते, मीच नजर चुकवतो.

असं ताटकळणं या शास्त्रात जुनंच. सुहास पाटील यांनी १९७१ साली एमआयटीत असताना एक कोडं मांडलं. सिगारेट ओढणारे तिघे. एकाकडे तंबाखू, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याकडे काडेपेटी. चौथा माणूस टेबलावर कुठल्याही दोन वस्तू ठेवतो. तिसरी ज्याच्याकडे असेल, त्यानेच त्या उचलायच्या. भलत्यांनीच एकेक उचलली, तर सामान असूनही कुणाची सिगारेट पेटत नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये २००६ पासून लॉकडेप नावाचा पहारेकरी आहे. कुणी कुठलं कुलूप घेतलं, याची तो नोंद ठेवतो. पण थ्रेड त्या चुकीच्या वाटेने गेलाच नाही, तर पहारेकऱ्याला दिसणार काय? मेमरी एरवी सहसा मिळतेच. म्हणून मुलाने ती मुद्दाम नाकारायला लावली, पुन्हा पुन्हा. रात्री दोनला थ्रेड सापडला, किल्लीसकट. बाहेर पडायच्या वाटेवर कुलूप सोडण्याची एक ओळ घातली, झालं.

मी म्हटलं, "आमच्या शाळेने तेव्हा दुसरी किल्ली करून घेतली होती."

"इथे तसं चालत नाही अब्बा," तो म्हणाला. "दोन किल्ल्या झाल्या की दोघं एकदम लिहिणार."