राजभाषा आणि मायबोली



भाषा बंदीहुकुमाने क्वचितच मरते. न्यायालय, कचेरी आणि शाळा या तीन ठिकाणांहून ती बाहेर पडली, म्हणजे तिचे भाषकच तिला कमी लेखू लागतात. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात हेच घडले. १५३६ च्या कायद्याने न्यायदान व कारभार इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकात काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकविली जाई. १९०१ च्या शिरगणतीत निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ मध्ये ते प्रमाण शेकडा अठराच्या आसपास उरले.

लोहारा परिसराला हा इतिहास परका वाटू नये. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रयत बहुतांशी मराठी. कारभार मात्र आधी फारसीत व पुढे उर्दूत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दू हे माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड मुलांना ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. उर्दू समृद्ध भाषा आहे. दोष तिचा नव्हता, रयतेची भाषा दाराबाहेर ठेवणाऱ्या धोरणाचा होता. स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी शेतकऱ्यास दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे.

अशा काळात, आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा येथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा उभी केली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले आणि १९३५ साली आपले कार्य अंबाजोगाईस नेले. अशा शाळांनी आणि गावोगावच्या कीर्तन-भजनांनी मराठीचा धागा तुटू दिला नाही. शेजारच्या मुंबई प्रांतातील मराठी ग्रंथ व वृत्तपत्रांचाही आधार होता. वेल्शला असा शेजार नव्हता.

पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा लाभला. आता अडथळा परक्या सत्तेचा नाही. इंग्रजीविना मुलाचा उत्कर्ष नाही, या समजुतीने पालक स्वतःहून मराठी शाळेकडे पाठ फिरवीत आहेत. इंग्रजी अवश्य शिकावी. पण तिच्यासाठी मराठी सोडण्याचे कारण नाही.

वेल्सने उपायही दाखविला आहे. १९३९ साली ॲबरिस्टविथ येथे केवळ सात मुलांवर वेल्श माध्यमाची शाळा सुरू झाली. २०११ च्या कायद्याने वेल्शला तेथे अधिकृत स्थान मिळाले. शाळा आधी आली, कायदा मागाहून.

म्हणून कचेरीतील नोटीस सामान्य खातेदारास समजेल अशा मराठीत लिहिली जावी. ग्रामसभेचे इतिवृत्त सर्वांसमोर वाचले जावे. शिक्षकाने विज्ञान व गणित इतक्या स्वच्छ मराठीत शिकवावे, की पालकांचा विश्वास परत यावा. राजभाषेचा मान कायद्याने मिळतो; मायबोलीचे आयुष्य मात्र या नित्याच्या व्यवहारावरच अवलंबून असते.