घर आणि कागद

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी मला 'शिक्षण आणि समाज' या विषयावर बोलण्यास सुचविले होते. त्या विषयावर दरवर्षी चांगली भाषणे होतात आणि ती या स्मरणिकेत छापूनही येतात. मी त्यांची परवानगी घेऊन आज घराविषयी बोलणार आहे. राहत्या घराविषयी, आणि ते घर कर्जापायी कसे जाते याविषयी. माझे आयुष्य वकिलीत गेले. पक्षकार माझ्याकडे येतो तो बहुधा घर गेल्यानंतर. जाण्यापूर्वी आलेले पक्षकार बोटांवर मोजावे इतकेच असतील. म्हणून आज मीच आधी आलो आहे.

प्रारंभ आपल्या गावापासून करतो. आपण ज्या परतवाड्यात बसलो आहोत ती मुळात छावणी. हैदराबाद काँटिंजंट नावाच्या फौजेचे हे एक ठाणे होते. फौज नावाने निझामाची, अधिकारी इंग्रज आणि पगाराचा बोजा निझामाच्या खजिन्यावर. पगार वेळेवर निघेना, तेव्हा कंपनी सरकारने तो आपल्या तिजोरीतून द्यायला आणि निझामाच्या खाती व्याजासह लिहायला सुरुवात केली. हा आकडा वाढत वाढत अर्ध्या कोटीच्या आसपास गेला. मे १८५३ मध्ये तह झाला आणि त्या कर्जापोटी व फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी निझामाची, ताबा इंग्रजांचा. गावच्या भाषेत बोलायचे तर आपला अख्खा वऱ्हाड गहाण पडला.

पुढची गोष्ट अधिक ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६० साली दुसरा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे जुने कर्ज माफ झाले आणि नळदुर्ग व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाला नाही. फौजेचा खर्च चालायचा आहे, या सबबीवर तो ठेवून घेतला. शिवाय उत्पन्नाचा हिशेब यापुढे मागायचा नाही, असेही त्या तहात आले. कर्ज गेले, गहाण राहिले आणि हिशेबही बंद! सर सालारजंगांनी १८७० नंतरच्या दशकात वऱ्हाड सोडवून घेण्यासाठी जंग जंग पछाडले. फौजेच्या पगाराची हमी म्हणून रक्कम जमा ठेवण्याची तयारी दाखविली, १८७६ मध्ये विलायतेची वारी केली. पण उपयोग झाला नाही. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निझाम महबूब अली खान यांच्याकडून सालीना पंचवीस लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. आणि ज्या फौजेच्या पगारासाठी हे सारे घडले ती फौजच १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली!

एका राज्याच्या मालकाला दिवाण होते, मुनशी होते, मोहरा होत्या. तरी त्याला गहाण सोडविता आले नाही. मग तुमच्या-माझ्यासारख्याची काय कथा? ती कथा मी माझ्याच घरची सांगतो.

साल १९७४. मी उर्दू शाळेत सातवीत होतो. वडील लाकडाच्या वखारीत कामाला. बहिणीचे लग्न ठरले होते आणि त्यांना पैशांची निकड होती. गावातल्या एका गृहस्थांनी रक्कम देऊ केली आणि कागद करून मागितला. वडिलांना मराठी वाचता येत नव्हते. मी शाळेत मराठी शिकत होतो, म्हणून त्यांनी मला बरोबर नेले. लेखनिकाने कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी तो मोठ्या अभिमानाने, एकही अक्षर न चुकता, वाचून दाखविला. 'कायम खरेदीखत' हे शब्द मी खणखणीत आवाजात वाचले. वडिलांनी विचारले, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "मालूम नहीं, अब्बा." ते गृहस्थ हसून म्हणाले, "कागदाची रीत आहे, पैसे दिलेत की घर तुमचेच." वडिलांनी अंगठा दिला. तीन वर्षांनी आम्ही त्या घरातून निघालो.

ते गृहस्थ कोणत्या समाजाचे, हा प्रश्न इथे पुष्कळांच्या मनात आला असेल. ते आमच्याच जमातीतले होते आणि जुम्याला पहिल्या सफेत उभे राहत. सावकार म्हटला की तो दुसऱ्या समाजाचाच असे धरून चालण्याची आपल्याकडे एक सवय आहे. निवडणुकीच्या दिवसांत ती फार वापरलीही जाते. वकिलीच्या अनुभवावरून सांगतो, घर गिळणाऱ्याला जात-धर्म नसतो. ज्याचे घर जाते त्यालाही तो उपयोगी पडत नाही.

आता कायद्याचा भाग थोडा सांगतो. विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा असे मानतो की गहाण हे कायम गहाणच राहते. पैसे फेडून ते सोडविण्याचा हक्क ऋणकोला आहे आणि त्यासाठी मुदतही तीस वर्षांची आहे. म्हणूनच सावकार गहाणखत करीत नाही, खरेदीखत करून घेतो. "पैसे दिल्यावर परत करून देऊ" हे तोंडी सांगतो किंवा वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून देतो. १९२९ च्या दुरुस्तीनंतर, परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. माझ्या वडिलांच्या कागदावर अट नव्हती. एक ओळ असती तर आम्ही आज त्या घरात असतो.

यावर इलाज मुळीच नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारात मिळकत लिहून घेतली गेली असेल तर अर्ज करण्याच्या आधीच्या पंधरा वर्षांतले असे दस्त जिल्हा निबंधक, म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, तपासू शकतात आणि व्यवहार सावकारीचा ठरला तर मिळकत परत देण्याचा हुकूम करू शकतात. इथे साक्षीपुरावा लागतो. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, खात्यातून गेलेले पैसे आणि खरेदीनंतरही तुम्हीच घरपट्टी भरत होता याच्या पावत्या जपून ठेवा. माझा अनुभव असा की आपले लोक लग्नाच्या पत्रिका जपतात आणि घरपट्टीच्या पावत्या चुलीत घालतात.

कर्ज आणि राजकारण यांचे नाते आपल्या मुलखात जुने आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. त्यांनी माणसांपेक्षा कागद अधिक शोधले, रोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण नगर जिल्ह्यात पसरले. परिणामी १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला आणि न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. आपल्या वऱ्हाडात २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली. दोन्हींत बँकांचे आणि सोसायट्यांचे कर्ज धरले होते, सावकाराचे नाही. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने सावकाराच्या कर्जासाठी योजना काढली, तीही परवानाधारकापुरती. आपल्या मोहल्ल्यात परवाना भिंतीवर लावून बसलेला सावकार कुणी पाहिला आहे काय?

त्याच २००६ साली बुलढाणा जिल्ह्यात एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्या पोलिसांनी थेट नोंदवू नयेत, आधी जिल्हा समितीकडे पाठवाव्यात, अशी सूचना तत्कालीन मुख्यमंत्र्यांकडून आली. प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले आणि तेथून दिल्लीला. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारवर दहा लाख रुपयांचा खर्च बसविला. एका सामान्य शेतकऱ्याने अर्ज लिहून घेण्याचा आग्रह धरला, म्हणून हे झाले.

बँकेचे कर्ज ही निराळी गोष्ट आहे. तिथे फसवणूक नसते, मुदत असते. ९० दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानंतर ताबा. ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पुष्कळ जण या दिवसांत अचलपूरच्या दिवाणी कोर्टात धावतात आणि मोलाचा वेळ घालवतात, कारण या कायद्याने दिवाणी कोर्टाला त्यात हात घालण्यास मनाई केली आहे. सारी थकबाकी भरून घर सोडवायचे तर ते लिलावाची जाहीर नोटीस निघण्यापूर्वी. २०१६ च्या दुरुस्तीपासून ही मुदत अशी आखूड झाली आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, घराला आहे. जामीनदाराने आपले घर तारण दिले असेल तर त्यालाही आहे. शिक्षक मंडळींनी हे ऐकून ठेवावे. जामिनासाठी सही मागायला लोक प्रथम तुमच्याकडेच येतात.

२०२० च्या टाळेबंदीत अचलपूरच्या फिनले मिलची चाके थांबली, तेव्हा हप्ते थांबले नाहीत. काही महिन्यांची सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिले.

आणि हे दुःख केवळ आपले नाही. अमेरिकेत २००८ च्या आधी बँकांनी पहिली दोन-तीन वर्षे हलके व्याज आणि नंतर चढे, अशी कर्जे ज्यांची ऐपत नाही त्यांनाही वाटली. ती कर्जे गठ्ठे बांधून पुढे विकली. आपला सावकार निदान दारात येतो. तिथे तर ऋणकोला आपला धनको कोण हेच कळेना. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ७०० अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली, ती प्रामुख्याने बँका सावरण्यासाठी. लाखो कुटुंबे घराबाहेर पडली. २०१० मध्ये उघड झाले की बँकांचे कारकून जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर न वाचता हजारोंनी सह्या ठोकीत होते. न वाचता सही करणारा केवळ वखारीतला मजूर नसतो, हे त्यावरून दिसले. त्या संतापातून २००९ मध्ये एका बाजूला "शेजाऱ्याचे कर्ज आम्ही का भरावे" म्हणणारी चळवळ उठली आणि २०११ मध्ये दुसऱ्या बाजूला वॉल स्ट्रीटवर ठाण मांडणारी.

स्पेनमध्ये कायदा आणखी कठोर होता. घर दिले तरी कर्ज सुटत नसे. २००९ मध्ये बार्सिलोनात कर्जपीडितांनी संघटना उभारली. ज्या दिवशी घर खाली करायचे त्या दिवशी शेजारीपाजारी दारात येऊन बसत. त्या संघटनेच्या नेत्या आदा कोलाउ २०१५ मध्ये त्याच शहराच्या महापौर झाल्या. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो अझीझ खटला. मोरोक्कोहून आलेला एक कामगार. २००७ मध्ये १ लाख ३८ हजार युरोंचे कर्ज, ३३ वर्षांची फेड. वर्षभरात काम गेले आणि हप्ते थकले. कराराच्या कलमात थकबाकीवर १८.७५ टक्के व्याज लिहिले होते. लिलावाला गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून बँकेने मूल्यांकनाच्या निम्म्या किमतीत घर घेतले आणि जानेवारी २०११ मध्ये त्याला बाहेर काढले. त्याच्या वकिलाने करारातले एक कलमच अन्याय्य आहे असा वाद घातला. १४ मार्च २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की असे कलम तपासेपर्यंत न्यायाधीशाला जप्ती थांबविता आली पाहिजे आणि स्पेनला आपला कायदा बदलावा लागला. परमुलखात गेलेल्या एका गरीब मुसलमानाच्या करारातली ती बारीक अक्षरे कुणीतरी नीट वाचली होती.

कुराण शरीफातली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्या मौलवीसाहेबांनी मुलांना सांगितलेच असेल. तिच्या दोनच आयती आधी, तंगीत असलेल्या ऋणकोला सवड देण्याची शिकवण आहे. पहिली गोष्ट कर्ज घेणाऱ्यांनी आणि दुसरी देणाऱ्यांनी घरी जाऊन पुन्हा वाचावी. ज्यांना लागू असेल ते समजतील.

संस्थाचालकांना माझी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींना वर्षातून चार तास तरी खरेदीखत, गहाणखत, मिळकत पत्रिका आणि बँकेची नोटीस यांचे नमुने दाखवून मराठीत समजावून द्यावेत. मुलींना अगत्याने, कारण हल्ली घर आईच्या नावावर असते आणि सही तिचीच घेतली जाते. मी शिकवायला येईन, मानधन नको.

कार्यक्रमानंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे एखादी नोटीस आली असेल त्यांनी लाज न बाळगता यावे. येताना पाकीटही आणावे, फेकू नये. नोटीस तुमच्या हाती कधी पडली हे ठरवायला त्यावरचा पोस्टाचा शिक्का मला पाहावा लागेल.

खुदा हाफिज. जय हिंद!