पायांच्या फुगलेल्या शिरा आणि त्यांतून होणारा रक्तस्राव

(वर्धापनोत्सवानिमित्त महाजन कुटुंबियांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



देवालयाच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून उभा असणारा आचारी, आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला शिक्षक, तीन-चार बाळंतपणे झालेली गृहिणी, यांपैकी अनेकांच्या पोटऱ्यांवर उतारवयात निळसर, नागमोडी, गाठाळ शिरा उठलेल्या दिसतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांस ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हा शब्द असतो. काही घराण्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. ‘दुखत तर नाही, मग चिंता कशाची?’ असे म्हणून बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. परंतु न दुखणारी हीच शीर एखादे वेळी प्राणावर बेतू शकते.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांवाटे पायांपर्यंत येते व नीलांवाटे परत जाते. या चढणीच्या वाटेवर त्याला दोन आधार असतात. एक पोटरीच्या स्नायूंचा दाब आणि दुसरा नीलांतील झडपांचा. पादुआ विद्यापीठातील आचार्य फाब्रिसियस यांनी १६०३ साली या झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना त्याच झडपांचा दाखला दिला. रक्त वर जाऊ द्यावे, खाली येऊ देऊ नये, एवढेच त्यांचे कार्य. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगते.

मनुष्य निश्चल उभा असता घोट्याजवळील नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो. निरोगी पायात चालताना तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो तसा उतरत नाही. सततच्या या दाबाने संध्याकाळी पाय जड होतात, सूज येते. पुढे घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते, खाजते, पातळ होते व तेथे लवकर न भरणारा व्रण पडतो. अशा त्वचेवर नख लागले, काटा ओरखडला, वा स्नानाच्या वेळी टॉवेल जोराने घासला, तरी रक्ताची चिळकांडी उडू शकते. वेदना नसल्याने पुष्कळ रक्त जाईपर्यंत कळतही नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना याचा धोका विशेष.

अशा वेळी खुर्चीत बसून पाय खाली सोडणे किंवा नळाखाली धरणे ही मोठी चूक होय, कारण त्याने दाब कायम राहतो. रुग्णास तत्काळ जमिनीवर उताणे निजवावे, पाय हृदयाच्या पातळीहून उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याची घडी रक्त येते त्याच जागी घट्ट दाबून धरावी. दहा-पंधरा मिनिटे ती उचलून पाहू नये. हळद, राख, कॉफीची पूड भरू नये. वर दोरीही आवळू नये. रक्त थांबेना तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण ती शीर पुन्हा फुटू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

पूर्वी शस्त्रक्रियेने शीर काढून टाकीत. हल्ली डॉपलर तपासणी करून लेसर, रेडिओ लहरी वा इंजेक्शन यांनी ती बंद करतात. दाबाचे मोजे उपयुक्त आहेत. मात्र रोहिण्यांचा प्रवाह तपासून घेतल्याखेरीज ते घालू नयेत. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला, तर खोल नीलेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी, तेल लावून चोळू नये आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे.

रोज चालावे, फार वेळ एका जागी उभे राहणे टाळावे, विश्रांतीच्या वेळी पाय उशीवर ठेवावेत. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांकडे मुला-सुनांनी अधूनमधून लक्षपूर्वक पाहावे. आपण नमस्काराला वाकतो ते याच पायांपाशी.