रेवतीची पत्रावळ

आयोजक दहा मिनिटं देतो म्हणाले होते, हाती पाचच आलीत. म्हणून 'संशयकल्लोळ'ची गोष्ट सांगत बसत नाही. त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव तुम्हाला घरच्यासारखा ठाऊक आहे.

मूळ नाटक आर्थर मर्फीचं, 1761 सालचं, लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहातलं. त्याची नायिका बेलिंडा घरंदाज बापाची लेक. गोविंद बल्लाळ देवलांची रेवती मात्र नायकिणीची मुलगी. लोक पदांना दाद देतात आणि नेमकं हेच विसरतात.

आमच्या रेणापूरकडची लग्नाची पंगत आठवा. यजमान सगळ्यांनाच 'बसा, बसा' म्हणतो. पण टोकाला बसलेल्यापर्यंत वाढपी पोचेस्तोवर बुंदी संपलेली असते. कोणी 'ऊठ' म्हणत नाही. पत्रावळ तेवढी कोरडी राहते. मर्फीच्या पंगतीत सगळे सोयरेच. देवलांनी त्याच ओळीत रेवतीची पत्रावळ मांडली. इथं बुंदी म्हणजे विश्वास. रेवतीला दिलेली आपली तसबीर भलत्याच्या हाती दिसली की तिच्या प्रियकराचा, अश्विनशेटचा, वाढता हात आखडतो. संशय बेलिंडावरही येतोच. पण नायकिणीच्या मुलीला तो लवकर चिकटतो, आणि प्रेक्षकालाही ते खटकत नाही.

असाच भेद दाखवणारं आणखी एक इंग्रजी नाटक, गोल्डस्मिथचं 1773 चं, घ्या. त्यातल्या मार्लोची कुलीन बाईपुढं बोबडी वळते, मोलकरीण समजून मात्र तो धीट होतो. म्हणजे माणूस समोरच्याची पायरी बघून वागतो.

1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं देवलांचं हे 'संशयकल्लोळ' संगीत करून आणलं. रेवती झाले बालगंधर्व. त्यांच्यासारखं लुगडं नेसायची, दागिने घालायची हौस चांगल्या चांगल्या घरांतल्या बायकांना होती. नाटकातल्या नायकिणीच्या मुलीचा शालू घरात चालला. खरी रेवती दारात आली असती, तर तिला पाट मांडला असता का?

पुन्हा सांगतो, राग मानू नका. हे नाटक नुसतं संशयाचं नाही, तो कोणावर चटकन बसतो याचं आहे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा फाल्गुनरावाला खुशाल हसा; रेवतीवर आळ येतो तेव्हा मात्र आपण कोणाच्या बाजूनं हसतोय, तेवढं तपासा. आणि घरी पंगत असली, तर बुंदीची परात एकदा टोकाकडून फिरवा.